भंगारातला वारसा

उंच बांध्याची, आडरानात चालावी म्हणून घडवलेली एखादी जुनी एसयूव्ही विकत घ्यावी, तिचे पाटे उतरवून तिला जमिनीपासून वीतभर अंतरावर आणून ठेवावे, आणि मग तिच्या बॉनेटखाली कारखान्याने कधी योजले नव्हते असे थोरले इंजिन बसवावे, हा उद्योग प्रथमदर्शनी परस्परविरोधी इच्छांचा मेळ वाटतो. ज्याला ठेंगणी गाडी हवी त्याने उंच गाडी का घ्यावी, आणि रस्त्यावरून संथपणे मिरवण्यासाठी जी ठेंगणी केली तिला पुन्हा वेग कशासाठी द्यावा, या प्रश्नांना उपयुक्ततेच्या जमाखर्चात उत्तर सापडत नाही. ते सापडते इतिहासात. दक्षिण कॅलिफोर्नियात गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दोन निराळ्या समाजांत, दोन निराळ्या हेतूंनी, मोटारगाडीचे रूप पालटण्याच्या दोन वहिवाटी जन्मास आल्या. एकीला वेगाचा ध्यास होता, दुसरीला संथ गतीचा अभिमान होता; आणि कित्येक दशके शेजारी शेजारी वाहिल्यानंतर ज्या गाड्यांत त्या दोहोंचा संगम झाला, त्यांत शेव्हरोले ब्लेझर आणि तिच्या मागून आलेली धाकटी एस-टेन ब्लेझर या प्रमुख होत. दोन्ही प्रवाहांचा उगम मात्र एकच, आणि तो म्हणजे सधनांनी टाकून दिलेल्या यंत्रांचा ढीग. शक्तीचा हव्यास या इतिहासात आहे, नाही असे नाही. पण एका पिढीचे ऐश्वर्य भंगारवाल्याच्या अंगणातून पुढच्या पिढीतील गरीब तरुणाच्या हाती कसे उतरत गेले, हेच मला त्याचे खरे सूत्र वाटते.

आरंभ करावा लागतो तो हेन्री फोर्डपासून. चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा परस्परांशी तिरक्या मांडून बनवलेले आठ सिलिंडरांचे इंजिन ही १९३२ पर्यंत अमेरिकेत बहुतांशी श्रीमंतांची मिरास होती. कॅडिलॅक कंपनीने ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विकावयास घेतले होते. पण अशा इंजिनाचे निरनिराळे भाग वेगवेगळे ओतून मग बोल्टांनी जोडावे लागत आणि त्याची मजुरी इतकी भारी पडे की, सामान्य कामगाराच्या ऐपतीत ते येण्याचा संभवच नव्हता. फोर्डने आपला मित्र एडिसन याची फ्लोरिडातील जुनी प्रयोगशाळा उचलून डिअरबॉर्न येथे आणवली होती. तिच्यात मोजकी माणसे गुप्तपणे बसवून, सबंध ठोकळा एकाच ओतकामात भट्टीतून काढण्याचा हट्ट त्याने धरला आणि असंख्य ठोकळे वाया घालवून तो सिद्धीस नेला. ३१ मार्च १९३२ रोजी ही गाडी जगासमोर आली तेव्हा तिचे इंजिन २२१ घनइंचांचे होते, शक्ती ६५ अश्वशक्तीची होती, आणि उघड्या रोडस्टरची किंमत होती अवघी ४६० डॉलर. तिच्या आधीच्या मॉडेल ए गाडीचे चार सिलिंडरांचे इंजिन ४० अश्वशक्ती देई, आणि त्याही आधीचे, दीड कोटी प्रतींनी अमेरिका व्यापून टाकणारे मॉडेल टी केवळ २०. महामंदीने देश ग्रासला असताना ही घटना घडली, हेही ध्यानात ठेवावे; नवी गाडी घेणारे थोडे होते, पण अपघातात चुरडलेल्या नव्या गाडीचे शाबूत इंजिन थोडक्या पैशांत उचलून बापाच्या किंवा शेजाऱ्याच्या जुन्या मॉडेल ए गाडीत बसवणारे तरुण पुष्कळ होते.

या तरुणांना निसर्गाने एक विलक्षण क्रीडांगण दिले होते. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस, डोंगर ओलांडल्यावर मोहावेचे वाळवंट लागते आणि त्यात कोरड्या सरोवरांचे सपाट, टणक तळ पसरलेले आहेत. त्यांपैकी म्युरॉक नावाचा तळ शंभर चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचा आहे. १९३०च्या दशकाच्या आरंभापासून तेथे रविवारी गाड्या धावू लागल्या. गर्दी वाढली, धुळीच्या लोटांत अपघात होऊ लागले, तेव्हा १९३७ साली निरनिराळ्या मंडळांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन केली आणि गाड्यांची वर्गवारी, वेळनोंद व शिस्त यांचे नियम घालून दिले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांना वर्तमानपत्रे उडाणटप्पू म्हणत होती, त्या गॅरेजांतील व पेट्रोलपंपांवरील पोरांनी कोणा सरकारी तपासनिसाची वाट न पाहता आपल्या उद्योगाला स्वतःच कायदा दिला. दुसऱ्या महायुद्धात म्युरॉक लष्कराने घेतले, पुढे तेथेच एडवर्ड्स हा सुप्रसिद्ध वायुसैनिक तळ उभा राहिला, आणि शर्यती एल मिराज या दुसऱ्या कोरड्या सरोवराकडे सरकल्या.

महायुद्धाने या उद्योगाला दोन देणग्या दिल्या. पहिली म्हणजे माणसे: विमानांची आणि रणगाड्यांची इंजिने उलगडून पुन्हा बसवण्याची विद्या लष्करी शिस्तीत शिकलेले हजारो तरुण घरी परतले. दुसरी म्हणजे लिलावात निघालेली युद्धसामग्री. बिल बर्क या गृहस्थाने १९४६ साली लढाऊ विमानाच्या पोटाखाली टांगावयाची फेकाऊ इंधनटाकी विकत घेतली आणि तिचाच सांगाडा करून गाडी बनवली. कारण वाऱ्याला कमीत कमी अडथळा करणारा तो आकार कोणा गरीब मिस्त्रीला स्वखर्चाने घडवून घेणे कधीच परवडले नसते. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिस येथे या गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले, त्याच महिन्यात रॉबर्ट पीटरसनने ‘हॉट रॉड’ मासिक सुरू केले, आणि पुढल्या वर्षी युटा राज्यातील बॉनविलच्या मिठागरावर पहिला वेगसप्ताह झाला. व्हिक एडेलब्रॉक, एड इस्केंडेरियन यांसारख्यांनी मॅनिफोल्ड, कॅमशाफ्ट अशा सुट्या भागांचे कारखाने काढले, आणि जे पूर्वी प्रत्येकाला स्वतः कानशीने घासून बनवावे लागे ते टपालाने घरपोच मिळू लागले.

१९४९ साली कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबील यांनी आपापली नवी व्ही-आठ इंजिने आणली. पहिले ३३१ घनइंचांचे, दुसरे ३०३. दोहोंतही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला नसून डोक्यावर होते, त्यामुळे हवा-इंधनाच्या मिश्रणाला सरळ वाट मिळे, संपीडन वाढवता येई, आणि फोर्डचे बाजूच्या व्हॉल्व्हांचे इंजिन एका रात्रीत म्हातारे ठरले. ही इंजिने महागड्या गाड्यांतली. पण महागड्या गाड्यांनाही अपघात होतातच, आणि विमा कंपनीने निकालात काढलेल्या कॅडिलॅकचे इंजिन एखाद्या फोर्डमध्ये वा स्टुडबेकरमध्ये दिसू लागावयास फार काळ गेला नाही. न्यूयॉर्ककडे बिल फ्रिक हा मिस्त्री स्टुडबेकरच्या सुबक कायेत कॅडिलॅकचे इंजिन बसवून ‘स्टुडिलॅक’ नावाने रीतसर विकत असे, आणि इयन फ्लेमिंगच्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या कादंबरीत तिला स्थान मिळाले, एवढी तिची कीर्ती झाली होती.

तथापि या सर्व प्रयत्नांत एक मूलभूत अडचण होती. प्रत्येक जोडी निराळी होती. कॅडिलॅकच्या इंजिनाची मागची बाजू फोर्डच्या गिअरबॉक्सला जुळत नसे. मध्ये खास बनवलेली जाड तबकडी बसवावी लागे. इंजिन जड असल्याने पुढचे पाटे दबत. स्टार्टर चासीला अडे. ज्याने एक जोडी साधली त्याचे ज्ञान दुसऱ्या जोडीस क्वचितच उपयोगी पडे. ही अवस्था १९५५ साली पालटली, आणि ज्या इंजिनाने ती पालटली त्याचे वर्णन थोडे सविस्तर केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही.

एड कोल हा शेव्हरोलेचा मुख्य अभियंता पूर्वी कॅडिलॅकमध्ये होता आणि १९४९च्या त्या कॅडिलॅक इंजिनाच्या निर्मितीत त्याचा मोठा वाटा होता. स्वस्त गाडीसाठी आठ सिलिंडरांचे इंजिन बनवताना त्याने जी काटकसर केली, तिच्यातून एक अपूर्व वस्तू निर्माण झाली. ओतकामाच्या भिंती पातळ केल्या. व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर पूर्वी एका जड दांड्यावर ओवलेले असत, त्यांऐवजी पत्र्याचे ठोकून काढलेले रॉकर प्रत्येकी स्वतंत्र खुंटीवर बसवले. दोन्ही बाजूंची हेडे एकमेकांच्या जागी चालतील अशी केली. परिणामी हे २६५ घनइंचांचे आठ सिलिंडरांचे इंजिन कंपनीच्याच सहा सिलिंडरांच्या जुन्या इंजिनाहून हलके ठरले. दोन शेजारी सिलिंडरांच्या मध्यबिंदूंतील अंतर ४.४ इंच ठरवले गेले, आणि या एका आकड्याने पुढील अर्धशतकाहून अधिक काळ राज्य केले. कारण १९५७ साली २८३, १९६२ साली ३२७ आणि १९६७ साली ३५० घनइंच अशी पोटाची वाढ होत गेली, तरी बाहेरचा आकार, बसवण्याच्या खुणा आणि गिअरबॉक्सकडील भोके बहुतांशी तीच राहिली. एकदा ज्याने आपल्या गाडीत २८३ बसवले त्याला ते काढून ३५० बसवण्यास एका दिवसाची मेहनत पुरे होई. २०११ साली जनरल मोटर्सने या घराण्यातील दहा कोटीवे इंजिन बनवल्याचे जाहीर केले. म्हणजे अमेरिकेच्या प्रत्येक गावच्या भंगारात ते पडलेले असणार हे उघड आहे. मोटारींच्या इतिहासात अधिक शक्तिमान इंजिने पुष्कळ झाली, अधिक सुंदरही झाली. पण यंत्रविद्या लोकांच्या हाती देण्याच्या दृष्टीने याच्या बरोबरीचे दुसरे इंजिन मला ठाऊक नाही.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन कामकऱ्यांची दाट वस्ती होती. महायुद्धानंतर या वस्तीतील तरुणांनी जुन्या शेव्हरोले गाड्या घेतल्या, कारण त्या स्वस्त होत्या. आणि वाळवंटात धावणाऱ्या गोऱ्या तरुणांनी गाडीचे मागचे टोक उंच केले होते, तर यांनी सबंध गाडी खाली आणली. प्रथम डिकीत वाळूची पोती किंवा सिमेंटचे ठोकळे ठेवीत. मग स्प्रिंगांचे वेढे कापू लागले. पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे घालू लागले. रविवारी सायंकाळी व्हिटियर बुलेव्हार्डवरून कुटुंबासह, तासाला दहा-पंधरा मैलांच्या गतीने, चकाकणाऱ्या रंगाची गाडी हाकावी, ओळखीच्यांना हात करावा, आणि ज्या नगराने आपणास मागल्या दाराशी उभे केले त्याच्या हमरस्त्यावर आपली कला मांडावी, यात जो स्वाभिमान होता तो समजून घेतल्यावाचून ठेंगण्या गाडीचा अर्थ कळणार नाही.

सरकारी दप्तराला तो कळला नाही. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत २४००८ वे कलम घालण्यात आले आणि १ जानेवारी १९५८ पासून चाकाच्या लोखंडी कड्याच्या खालच्या कडेहून गाडीचा कोणताही भाग खाली येता कामा नये असा हुकूम जारी झाला. त्यावर रॉन अग्विरे या तरुणाने १९५९च्या सुमारास जो तोडगा काढला तो यंत्रचातुर्याचा नमुना आहे: विमानांच्या जुन्या सामानातील हायड्रॉलिक पंप व नळकांडी त्याने आपल्या १९५७च्या कॉर्व्हेटमध्ये बसवली, आणि बसल्या जागी खटका दाबून गाडी उचलण्याची व बसवण्याची सोय केली. पोलीस दिसला की गाडी कायदेशीर उंचीवर, तो गेला की पुन्हा जमिनीलगत. विमानाचे टाकाऊ सामान बर्कच्या हाती वेगाचे साधन झाले आणि अग्विरेच्या हाती प्रतिष्ठेचे. ढीग मात्र एकाच युद्धाचा होता.

हे दोन्ही प्रवाह ज्या वाहनात मिळावयाचे होते त्याचा पूर्वज म्हणजे जीप. युद्धोत्तर काळात विलीज जीपचे चार सिलिंडरांचे इंजिन ७०-७५ अश्वशक्तीपलीकडे जात नसे, आणि वाळूच्या टेकड्यांवर चढणाऱ्या हौशी लोकांनी तिच्यात शेव्हरोलेचे व्ही-आठ बसवावयास केव्हाच सुरुवात केली होती. मिस्त्रींनी दाखवलेल्या या मार्गाने कारखानाही गेला: १९६५ साली कैसर जीप कंपनीने ब्युइकचे २२५ घनइंची सहा सिलिंडरांचे इंजिन सीजे-फाइव्ह जीपमध्ये देऊ केले, १९६७ साली त्याची सबंध यंत्रसामग्रीच विकत घेतली, आणि तेलसंकटानंतर १९७४ साली ती यंत्रसामग्री पुन्हा जनरल मोटर्सच्या घरी परत गेली.

येथे थोडे विषयांतर करून आपल्याकडच्या जीपचाही उल्लेख करतो, कारण तिचा संबंध खरा आहे. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि त्यापूर्वीच लष्कराच्या लिलावांतून जुन्या जीपा खाजगी हातांत आल्या होत्या. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, या एका कारणाने आमच्या मिस्त्रींनी त्या जीपांतील पेट्रोल इंजिने उतरवून डिझेल इंजिने चढवली. घाटमाथ्यावर वडाप करणाऱ्या जीपवाल्याला वेग नको होता, त्याला दर फेरीमागे चार पैसे उरावयास हवे होते. पुढे महिंद्रांनी स्वतःच प्यूजो कंपनीच्या सहकार्याने बनवलेली डिझेल इंजिने आपल्या जीपांत घातली आणि इगतपुरीस इंजिनांचा कारखाना चालवला. कॅलिफोर्नियात ऐश्वर्यासाठी आणि सह्याद्रीत चरितार्थासाठी, पण इंजिन बदलण्याचे शास्त्र तेच: माउंटिंग तोडावे, नव्या जागी वेल्डिंग करून बसवावे, प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा आणि मग आरटीओच्या दप्तरात इंजिन क्रमांकाची नोंद फिरवून घ्यावी. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने, विशेषतः २००० साली त्यात झालेल्या दुरुस्तीनंतर, ही मुभा आपल्याकडे फारच आकसली आहे.

अमेरिकेत १९६१ साली इंटरनॅशनल स्काउट, १९६६ साली फोर्ड ब्रॉन्को आणि १९६९ साली शेव्हरोले ब्लेझर अशा गाड्या आल्या. ब्लेझर म्हणजे वस्तुतः कंपनीच्या पिकअप ट्रकचीच आखूड केलेली चासी. तिच्यावर काढता येण्याजोगे छप्पर. ३५० घनइंची इंजिन तिच्यात आरंभापासून मिळे, आणि १९७० पासून केवळ मागच्या चाकांना गती देणारी आवृत्तीही निघाली. ही आवृत्ती ठेंगणी करणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. कारण पुढचा ॲक्सल व त्याचा शाफ्ट नसला म्हणजे गाडी खाली आणण्यातील अर्धे संकट टळते, आणि पिकअपसाठी बनणारे ठेंगणे सुटे भाग तिलाही चालतात. याच सुमारास जपानी छोटे पिकअप स्वस्तात घेऊन ते जमिनीला टेकवण्याचा प्रघात दक्षिण कॅलिफोर्नियात बळावत होता. जपानी पिकअपांवर १९६४ पासून पंचवीस टक्के जकात होती, तरीही ते लोकप्रिय झाले, आणि त्यांना उत्तर म्हणून शेव्हरोलेने एस-टेन हा छोटा ट्रक व १९८३ सालासाठी त्याच चासीवरची एस-टेन ब्लेझर आणली.

या छोट्या ब्लेझरचे २.८ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन ११० अश्वशक्तीचे होते आणि भरल्या गाडीला ते अपुरे पडे. १९८८ साली कंपनीने तिला ४.३ लिटरचे इंजिन दिले, आणि हे इंजिन म्हणजे ३५० घनइंची व्ही-आठमधून दोन सिलिंडर वगळून केलेले. गिअरबॉक्सकडील भोके तीच, ४.४ इंचांचे अंतर तेच. म्हणजे सहाच्या जागी आठ बसवण्याचा दरवाजा कारखान्यानेच अर्धा उघडून ठेवला. १९९२-९३ मध्ये जीएमसीने टायफून नावाची जी गाडी काढली तिच्यात हेच ४.३ इंजिन टर्बो लावून २८० अश्वशक्तीचे केले होते, गाडीची उंची कमी केली होती, आणि अशा सर्व मिळून ४,६९७ गाड्या बनल्या. गल्लीतील मिस्त्री दहा वर्षे जे करीत होते तेच हे, कंपनीच्या हमीपत्रासह.

ठेंगण्या गाडीत थोरले इंजिन बसवणे हे उंच गाडीत बसवण्याहून किती अवघड, याची कल्पना वाचकास द्यावयास हवी. एस-टेनमध्ये मागचा ॲक्सल मुळात पाट्यांच्या खाली असतो. तो पाट्यांच्या वर घेतला की गाडीचा मागचा भाग पाच-सहा इंच खाली बसतो. पण मग खड्ड्यात ॲक्सल उसळून थेट चासीवर आपटतो, म्हणून त्या जागी चासीला अर्धचंद्राकृती खाच कापून आतून जाड पत्र्याने ती पुन्हा भक्कम करावी लागते. पुढे स्प्रिंग कापण्याऐवजी जाणता मिस्त्री स्टब ॲक्सलच बदलतो. त्यात चाकाची खुंटी मूळ जागेहून वर असते, त्यामुळे गाडी खाली येते तरी भुजांचे कोन बिघडत नाहीत. आता या खाली आलेल्या चासीत व्ही-आठ उतरवावयाचे. त्याचे ऑइल चेंबर पुढच्या आडव्या तुळईवर टेकते, एक्झॉस्टच्या नळ्या स्टिअरिंगच्या दांड्याला चिकटू पाहतात, आणि इंजिन वर उचलावे तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. शाफ्टच्या दोन टोकांना जे क्रॉस असतात त्यांचे कोन समान व परस्परविरुद्ध असले तरच फिरण्यातील चढउतार एकमेकांना खाऊन टाकतो. गाडी ठेंगणी करताना ॲक्सल चासीच्या मानाने आधीच वर सरकलेला असतो, त्यात इंजिन हलले की साठ मैलांच्या वेगावर गाडी थरथरू लागते. त्यातून मागच्या ॲक्सलमधील साडेसात इंची क्राऊन मूळ इंजिनाच्या पिळापुरतीच बनवलेली. दुपटीच्या आसपास पीळ तिच्यावर आला की तिचे दाते पहिल्या जोरकस सुरुवातीलाच तुटू शकतात. मग ॲक्सल बदला, ब्रेक बदला, रेडिएटर मोठा करा. एक बदल दहा बदलांना जन्म देतो, आणि जो त्या दहांचाही हिशेब आधी मांडतो तोच खरा कारागीर. बाकीच्यांच्या अर्धवट सोडलेल्या गाड्या परसात गवताखाली जातात, आणि त्याही पुन्हा कोणाच्या तरी उपयोगी पडतात.

१९९७च्या कॉर्व्हेटबरोबर ३४५ अश्वशक्तीचे एलएस-वन आले. संपूर्ण नवी रचना, ॲल्युमिनियमचा ठोकळा, संगणकाने चालणारे इंधन. पण सिलिंडरांतील अंतर पुन्हा ४.४ इंच. १९९९पासून त्याचे बिडाचे, स्वस्त भाऊबंद ४.८, ५.३ आणि ६.० लिटरांचे होऊन पिकअपांत आणि मोठ्या एसयूव्हींत लाखांनी जाऊ लागले, आणि दशकभरात त्या गाड्या भंगारात येताच जुन्या ब्लेझरांना नवे दाते मिळाले. येथे विद्येचे स्वरूप मात्र पालटले. पूर्वी ज्याच्या हातात वेल्डिंगची नळी तो मिस्त्री. आता तारांचा जुडगा उलगडून त्यातील कोणती तार ठेवावी आणि कोणती कापावी हे ज्याला कळते, संगणकातील चोरीप्रतिबंधक कुलूप ज्याला काढता येते, तो. वडिलांनी कार्ब्युरेटर कानाने जुळवला, मुलगा तेच काम पडद्यावरील आकड्यांनी करतो, आणि दोघे एकाच गाडीवर वाकलेले असतात.

कायद्याचे प्रकरण मी जाणूनबुजून उशिरा घेतले, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण कायद्याला शत्रू मानतात आणि ते मला मान्य नाही. लॉस एंजेलिसवर १९४३ पासून जो डोळे झोंबवणारा धुरकट पडदा पसरू लागला, त्याचे मूळ मोटारींच्या व तेलशुद्धीच्या धुरावर होणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या क्रियेत आहे, हे कॅलटेकचे शास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी सिद्ध केले. १९६६च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियाने धुराचे मान ठरवले, १९७० साली संघराज्याचा स्वच्छ हवेचा कायदा झाला, आणि १९८४ पासून कॅलिफोर्नियात ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची झाली. बदललेले इंजिन गाडीच्याच सालातले किंवा त्याहून नवे असावे, आणि ज्या गाडीतून ते काढले तिची धूरनियंत्रक सामग्री जशीच्या तशी सोबत आणावी, असा इंजिनबदलाच्या नियमाचा सारांश. हा नियम कडक आहे पण न्याय्य आहे. कारण महामार्गांलगतच्या ज्या वस्त्यांत ठेंगण्या गाड्यांची कला जन्मली, त्याच वस्त्यांतील मुलांच्या छातीत तो धूर जात होता. शिवाय १९९०च्या गाडीत २००५चे इंजिन बसवले तर हवा अधिक स्वच्छच होते, आणि नियमाने त्या बाजूला वाट मोकळी ठेवली आहे. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना मुदतीची तपासणी नाही. त्यामुळे त्या सालांच्या ब्लेझरना मागणी फार, आणि ज्या तरुणासाठी हा उद्योग निर्माण झाला त्याच्या आवाक्यापलीकडे त्या गेल्या आहेत. याची मला खंत वाटते.

उंचीच्या कायद्याचे तसे नव्हते. त्याने हवा शुद्ध केली नाही. एका समाजाला रस्त्यावरून हटवण्याचे हत्यार म्हणूनच तो पुष्कळदा वापरला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने तो रद्द केला, हमरस्त्यांवर मिरवण्यास बंदी करण्याचा नगरपालिकांचा अधिकारही काढून घेतला, आणि १ जानेवारी २०२४ पासून गाडी ठेंगणी असणे हा अपराध राहिला नाही.

दरम्यान २०२० साली शेव्हरोलेनेच १९७७च्या एका ब्लेझरमधील ४०० घनइंची, १७५ अश्वशक्तीचे व्ही-आठ उतरवले आणि त्याच्या जागी बोल्ट या आपल्या विजेच्या गाडीची २०० अश्वशक्तीची मोटर व ६० किलोवॉट-तासांची बॅटरी बसवून ती प्रदर्शनात मांडली. ती गाडी उंचच होती. पण अपघातात सापडलेल्या विजेच्या गाड्या आता भंगारवाल्यांच्या अंगणात येऊ लागल्या आहेत आणि त्यांच्या मोटरी जुन्या चासींत बसवणारे मिस्त्रीही तयार होत आहेत. त्यांच्यापुढे चेंबर टेकण्याचा प्रश्न नाही, नळ्यांचा नाही. प्रश्न आहे तो शेकडो किलो वजनाची बॅटरी ठेंगण्या चासीत कोठे ठेवावी आणि मागचे पाटे त्या भाराने किती दबतील याचा.